परदेशातला ‘घरचा’ सामना: एनएफएल नव्यानं पाहणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरमधल्या एखाद्या रविवारी दुपारी लंडनच्या सेव्हन सिस्टर्स स्टेशनवर उतरलात, तर काही क्षण काही उमजत नाही. एरवी या फलाटावर टॉटनहॅमच्या पांढऱ्या जर्सी दिसतात. त्या दिवशी मात्र जांभळ्या, नारिंगी, हिरव्या, काळ्या अशा सगळ्या रंगांच्या जर्सी घातलेली माणसं जिने चढत असतात. छातीवर वीतभर उंचीचे आकडे, पाठीवर आपण कधी न ऐकलेली आडनावं. नोकरीसाठी इथं आलो त्या पहिल्याच वर्षी ऑफिसातल्या एकाकडे एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, सामन्याचं जास्तीचं तिकीट होतं म्हणून मी या गर्दीत शिरलो. तेव्हापासून एकही वर्ष चुकवलेलं नाही.

पुणे, नाशिक, सांगलीहून नव्यानं आलेली मंडळी दर वर्षी मला तेच विचारतात: हा खेळ कळेल का, तिकीट कसं मिळवायचं, आणि तिथं लोक इतक्या पोटतिडकीनं भांडतात ते कशावरून? भारतातून रात्री सामने पाहणारेही हेच विचारतात. खेळ कळायला एक संध्याकाळ पुरते. भांडण असतं अमेरिकेतल्या संघांचे घरचे सामने परदेशात नेण्यावरून; ते कळायला मात्र थोडं मागे जावं लागतं, आणि ते कळल्याशिवाय या चाहत्यांच्या गप्पांत आपण बाहेरचेच राहतो.

पहिली पायरी: चार प्रयत्न, दहा यार्ड

सगळे नियम पाठ करायला बसू नका. एवढंच धरा: चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला दहा यार्ड पुढं सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. चारांत दहा यार्ड झाले की मोजणी पुन्हा एकपासून सुरू. नाही झाले तर चेंडू समोरच्यांचा. पडद्यावर ‘थर्ड अँड सेव्हन’ दिसलं तर समजायचं, तिसरा प्रयत्न आहे आणि अजून सात यार्ड हवेत.

चौथ्या प्रयत्नाला खरी परीक्षा असते. लाथेनं चेंडू लांब उडवून समोरच्यांना मागे ढकलायचं, खांबांमधून मारून तीन गुण घ्यायचे, की जोखीम पत्करून पुढं जायचं? शेजारी बसलेला प्रत्येक जण त्या क्षणी प्रशिक्षक होतो. चेंडू शंभर यार्डांच्या मैदानापलीकडच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. त्यानंतर लाथेनं एक गुण मिळवता येतो, किंवा पुन्हा एकदा त्या पट्ट्यात घुसून दोन.

घड्याळ साठ मिनिटांचं असलं तरी सामना तीन तासांच्या वर जातो, कारण दोन डाउनांमध्ये सतत थांबणं असतं. त्या थांब्यांना कंटाळू नका. समोरचा संघ कसा उभा राहतोय, कोण कुठून कुठं सरकतोय हे त्याच वेळात पाहायचं असतं.

आणि एक गोष्ट कानांनी शिका. इथं आपला संघ आक्रमण करत असताना प्रेक्षक गप्प बसतात आणि समोरच्यांकडे चेंडू गेला की आभाळ डोक्यावर घेतात. कारण साधं आहे. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, आपल्या सहकाऱ्यांना ओरडून सूचना देत असतो. सत्तर हजार माणसं किंचाळायला लागली की त्याचा आवाज दोन हातांवरच्या माणसालाही ऐकू जात नाही, मग कुणी लवकर हलतं, कुणाची जागा चुकते, आणि पाच यार्डांचा दंड बसतो. घरच्या मैदानाला या खेळात एवढी किंमत का, ते इथं कळतं. प्रेक्षक तिथं प्रत्यक्ष खेळत असतात.

दुसरी पायरी: घरचे सामने मोजायला शिका

माझ्या मते हीच पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि नवीन माणूस नेमकी हीच गाळतो.

लीगमध्ये ३२ संघ आहेत, दोन गटांत विभागलेले: एएफसीत १६ आणि एनएफसीत १६. प्रत्येक संघ साखळीत फक्त १७ सामने खेळतो, १८ आठवड्यांत. मधला एक आठवडा सुट्टीचा, त्याला ‘बाय’ म्हणतात. २०२० पर्यंत सामने १६ होते, आठ घरी आणि आठ बाहेर. २०२१ पासून सतरावा सामना आला आणि आकडा विषम झाला. तोडगा असा काढला की एका वर्षी एएफसीच्या सगळ्या संघांना नऊ घरचे सामने, पुढच्या वर्षी एनएफसीच्या. आता परदेशात जाणारा सामना बहुतेक वेळा या नऊवाल्यांच्या वाट्यातून उचलला जातो, म्हणजे घरी निदान आठ उरतात. २०२५ मध्ये सात सामने अमेरिकेबाहेर झाले आणि त्या सातही सामन्यांचे ‘यजमान’ एएफसीचे होते. हा योगायोग नव्हता.

बेसबॉलचा संघ वर्षाला ८१ सामने घरी खेळतो. त्यातला एखादा बाहेर गेला तर लोक सहज सोसतील. इथं आठ-नऊच असतात. त्यासाठी लोक वर्षभराचं तिकीट घेतात. काही घरांत ती खुर्ची आजोबांकडून नातवाकडे येते. पहाटेपासून गाडीतळावर शेगड्या पेटतात, मांस भाजलं जातं, शेजारच्या गाडीवाल्यांची मुलं वीस वर्षं डोळ्यांदेखत वाढलेली असतात. याला ‘टेलगेट’ म्हणतात. परदेशातला एक सामना म्हणजे असा एक अख्खा रविवार गेला.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यावे लागले आणि मुंबई इंडियन्सचं ‘घर’ विशाखापट्टणमला गेलं. खेड्यांत प्यायला पाणी नसताना मैदानांना पाणी घालू नये, हे बरोबरच होतं. पण वानखेडेवर जायचं ठरवून बसलेल्यांना जे वाटलं ते खोटं नव्हतं. दोनच वर्षांनी चेन्नईचे घरचे सामने आपल्या गहुंजेला आले तेव्हा पिवळी जर्सी घातलेली माणसं खास रेल्वेनं पुण्यात उतरली होती. ती माणसं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे क्लीव्हलँडचा किंवा पिट्सबर्गचा चाहता लंडन-डब्लिनला का येतो ते कळेल.

तिसरी पायरी: आधी काय काय झालं, थोडक्यात

साखळीतला पहिला परदेशी सामना २ ऑक्टोबर २००५ ला मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर झाला. ॲरिझोना कार्डिनल्सनी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सना ३१-१४ असं हरवलं आणि प्रेक्षक होते १,०३,४६७. लंडनची सुरुवात २८ ऑक्टोबर २००७ ला, वेम्बलीवर, पावसात. न्यूयॉर्क जायंट्स १३, मायामी डॉल्फिन्स १०. मैदानाचा पार चिखल झाला होता, पण त्याच मोसमात जायंट्स पुढं सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले.

इंग्लंडमध्ये हा खेळ २००७ मध्ये उपरा आला असं मात्र कुणाला म्हणू नका, माणसं दुखावतात. चॅनल फोर १९८२ मध्ये सुरू झालं तेव्हापासून त्यावर एनएफएल दिसू लागलं. १९८६ मध्ये शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉइज वेम्बलीवर प्रदर्शनीय सामना खेळून गेले. पुढं लीगनं युरोपातच एक वेगळी लीग चालवली आणि २००७ मध्ये बंद केली. स्टेडियममध्ये तुमच्या शेजारी पांढऱ्या केसांचा इंग्रज माणूस जुनी मायामीची जर्सी घालून बसला असेल, तर त्यानं चाळीस वर्षं हा खेळ समुद्रापलीकडून जपलेला असतो. त्यालाही त्याचा हक्क आहे.

जर्मनीत पहिला साखळी सामना २०२२ मध्ये म्युनिकला झाला. टॅम्पा बे आणि सिॲटल, आणि मैदानावर टॅम्पा बेचा नामांकित क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. शेवटाकडे अख्खं मैदान एका जुन्या अमेरिकन गाण्यावर एका सुरात गाऊ लागलं, ती चित्रफीत शोधून नक्की पाहा. २०२४ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोला ग्रीन बे विरुद्ध फिलाडेल्फिया झाला. २०२५ मध्ये डब्लिन, बर्लिन आणि माद्रिदची भर पडली. डब्लिनचा सामना क्रोक पार्कवर झाला. ते मैदान आयरिश लोकांच्या स्वतःच्या गेलिक खेळांचं, म्हणून त्या दिवसाला वेगळं वजन होतं.

चौथी पायरी: भारतातून पाहायचं असेल तर

भारतातल्या प्रेक्षकासाठी परदेशातले सामने हाच खेळात शिरायचा सोपा दरवाजा. अमेरिकेतले रविवारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला, हिवाळ्यात साडेअकराला सुरू होतात. सुपर बोल तर सोमवारी पहाटे पाचला. पण लंडन-डब्लिनचा सामना तिथल्या दुपारी अडीचला असतो, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या संध्याकाळचे सात. नोव्हेंबरमधला जर्मनी-स्पेनचा सामना आपल्या रात्री आठला. घरच्यांना जेवायला वाढता वाढता पाहता येतो आणि सोमवारी ऑफिसात झोपही येत नाही.

पैसे भरून पाहायचं तर लीगची गेम पास सेवा परदेशात डॅझोन या स्ट्रीमिंग सेवेवर आहे. मोसमाचे पैसे एकदम भरण्याआधी आधीच्या सामन्यांची दहा-बारा मिनिटांची क्षणचित्रं यूट्यूबवर पाहा. ती फुकट असतात आणि शिकायला पूर्ण सामन्यापेक्षा बरी पडतात.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष मैदानावर

वेळापत्रक मे महिन्यात येतं. लंडनच्या सामन्यांसाठी लीगच्या ब्रिटनमधल्या संकेतस्थळावर आणि स्टेडियमकडे आधीच नाव नोंदवून ठेवा. तिकिटं विक्रीला निघाल्याचं कळून मग धावलात तर उशीर झालेला असतो. पहिल्या झटक्यात नाही मिळालं तर अधिकृत पुनर्विक्रीवर डोळा ठेवा. स्टेशनबाहेर तिकीट विकणाऱ्याकडून घेऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्यानं घेतलं, ते खोटं निघालं, आणि दोघांनी आतला जल्लोष बाहेरच्या भिंतीला टेकून ऐकला.

टॉटनहॅम हॉटस्परचं स्टेडियम २०१९ मध्ये उघडलं आणि एनएफएलचा विचार करूनच बांधलं. सॉकरचं गवत तीन भागांत विभागून दक्षिणेकडच्या स्टँडखाली सरकतं आणि सुमारे दीड मीटर खाली असलेलं कृत्रिम मैदान उघडं पडतं. एनएफएलच्या धिप्पाड संघांसाठी खोल्याही वेगळ्या आहेत. सगळ्यात जवळचं स्टेशन व्हाइट हार्ट लेन, पण तिथं रांगा लांब लागतात. मी व्हिक्टोरिया लाइननं सेव्हन सिस्टर्सला उतरतो आणि हाय रोडवरून अर्धा तास चालत जातो. सामन्याचा अर्धा आनंद त्या चालण्यात आहे. वेम्बलीला जायचं तर वेम्बली पार्क. स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच कमान दिसते.

मोठी बॅग नेऊ नका, परत पाठवतात. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत सावली येते आणि गारठा हाडांत शिरतो, तेव्हा आत एक स्वेटर हवाच. शाकाहारी असाल तर चिप्स आणि पिझ्झावर भागतं, पण पोटभर खाऊन निघालेलं उत्तम. मुलांना न्यायला हरकत नाही. सॉकरच्या मैदानांसारखी इथं दोन संघांच्या चाहत्यांची वेगळी कुंपणं नसतात, सगळे मिसळून बसतात, आणि मी आजवर हाणामारी पाहिलेली नाही.

कुठली जर्सी घालावी, हा प्रश्न हमखास येतो. कुठलीही. लंडनच्या सामन्याला बत्तीसही संघांच्या जर्सी दिसतात, मैदानावर खेळणारे दोन कुठलेही असोत. आमच्यातल्या एकानं भारतीय क्रिकेट संघाची निळी जर्सी घातली होती. दोन अमेरिकनांनी त्याला आवर्जून थांबवून विचारपूस केली.

सहावी पायरी: शेजाऱ्याशी बोला

५ ऑक्टोबर २०२५. टॉटनहॅमला मिनेसोटा वायकिंग्ज विरुद्ध क्लीव्हलँड ब्राउन्स. कागदावर यजमान ब्राउन्स. माझ्या डावीकडे क्लीव्हलँडहून आलेले सत्तरीचे गृहस्थ आणि त्यांची बायको. गृहस्थांच्या मांडीवर रबराचा कुत्र्याचा मुखवटा. ब्राउन्सचे चाहते स्वतःला कुत्र्यांची टोळी म्हणवतात. हातमोजे काढून त्यांनी फोनवर एक फोटो दाखवला. क्लीव्हलँडच्या मुनी लॉट या गाडीतळाचा, मागच्या महिन्यातला: धूर, नारिंगी टोप्या, गाड्यांना टेकलेली माणसं. ‘आत्ता तिथं सकाळचे साडेनऊ वाजलेत,’ ते म्हणाले, ‘आणि सगळं रिकामं असेल.’ त्यांचा मुलगा घरी टीव्हीसमोर नाश्ता करत होता. त्यांच्याबरोबर लंडनला येणं त्याला परवडलं नव्हतं.

मग तिसरा डाउन आला, चेंडू वायकिंग्जकडे. गृहस्थ उठले आणि मुखवटा चढवून भुंकू लागले. आजूबाजूचे ग्रीन बे, डॅलस, न्यू इंग्लंडच्या जर्सीतले लोक हसले, काहींनी साथही दिली. पण क्लीव्हलँडला जो आवाज झाला असता तो इथं होणार नव्हता. मैदानाचा निम्मा भाग वायकिंग्जच्या जांभळ्या रंगात होता. वायकिंग्जनी २५ सेकंद उरले असताना टचडाउन केलं, वेंट्झनं फेकलेला चेंडू ॲडिसननं झेलला, आणि २१-१७ असा सामना नेला. गृहस्थ शांतपणे मुखवटा पिशवीत घालत म्हणाले, ‘घरी हा तिसरा-चौथा डाउन आम्ही त्यांना ऐकूच दिला नसता.’ वायकिंग्जना पुढच्या आठवड्यात सुट्टी होती. ब्राउन्स मात्र घरी परतून लगेच पुढच्या रविवारी पिट्सबर्गला खेळायला गेले.

त्या दिवसानंतर मी समोरच्याला पहिला प्रश्न ‘कोण जिंकेल?’ हा विचारत नाही. ‘आज घरचे कोण?’ हे विचारतो. तुम्हीही विचारून पाहा, माणूस मोकळा होतो.

बोलताना पुढचे मुद्दे हमखास निघतात, त्यांची दोन्ही टोकं ठाऊक असू द्या.

न्यायाचा मुद्दा. घरचा आवाज गेला म्हणजे स्पर्धेतला वाटा गेला. बफेलो बिल्सनी २००८ ते २०१३ दर वर्षी एक घरचा सामना टोरोंटोला, छताखाली नेला. बफेलोचा डिसेंबर, तिथला वारा आणि बर्फ हीच त्यांची ढाल. ती घरी ठेवून त्यांनी सहापैकी पाच सामने गमावले आणि शेवटी तो करार गुंडाळला गेला. याच्या उलट टोक जॅक्सनव्हिल जॅग्वार्सचं. त्यांचे मालक शाहिद खान लंडनच्या फुलहॅम क्लबचेही मालक. २०१३ पासून हा संघ जवळजवळ दर वर्षी वेम्बलीला येतो आणि इथं त्यांनी खरोखर पाठीराखे कमावलेत. जॅक्सनव्हिलच्या लोकांना मात्र आपला संघ कायमचा हलणार ही धास्ती वर्षानुवर्षं वाटत आली. त्यांच्याशी ‘लंडनचा स्वतःचा संघ कधी?’ हा विषय जपून काढा.

मैदानाचा मुद्दा. २०१८ मध्ये अझ्टेकाचं गवत इतकं खराब झालं की कॅन्सस सिटी चीफ्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स यांचा सामना आठवड्याभराच्या आत लॉस एंजेलिसला हलवावा लागला. मेक्सिकोला निघालेल्यांची तिकिटं वाया गेली आणि तो सामना ५४-५१ असा, लीगच्या इतिहासातल्या सर्वांत रंगलेल्या सामन्यांपैकी एक ठरला. साओ पाउलोलाही खेळाडू सारखे घसरत होते. खेळाडूंच्या गुडघ्यांवर त्यांचं पोट असतं. ही तक्रार लाड म्हणून उडवून लावू नका.

शरीराचा मुद्दा. पश्चिम किनाऱ्यावरच्या संघाला लंडन आठ तास पुढं आहे. काही संघ आधीच येऊन आठवडाभर राहतात, काही शुक्रवारी सकाळी उतरतात. यांत बरं काय, यावर अजून एकमत नाही.

आणि पैशाचा, वाढीचा मुद्दा. प्रत्येक संघानं आठ वर्षांत एकदा तरी बाहेर यजमान व्हायचं, हा नियम झालेला आहे. हे आकडे वाढतच जाणार. माझं मत विचाराल तर, सतराव्या सामन्याची वाट काढली ती त्यातल्या त्यात बरी. पण घरचे आठाच्या खाली जाऊ लागले, तर मी लंडनमध्ये राहूनही त्या मुनी लॉटवाल्यांच्या बाजूनं बोलेन.

सातवी पायरी: एक संघ धरा

घाई नको. एक अख्खा मोसम सगळ्यांना पाहा. कुणी शहरामुळे संघ धरतो, कारण चुलत बहीण शिकागोला असते. कुणी एखाद्या खेळाडूमुळे. २०१२ मध्ये आपल्याकडे एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया निघाली होती, तिच्यात पुणे मराठाज नावाचा संघ होता आणि त्या लीगचे सामने झाले श्रीलंकेत. घरच्या मैदानावर न खेळलेला पुण्याचा संघ! मला ती गोष्ट कळली तेव्हा वाईट वाटलं होतं.

संघ ठरला की पुढच्या मे महिन्यात वेळापत्रक उघडा. आधी त्यांची परदेशवारी आहे का ते शोधा, मग त्या सामन्यात ते यजमान आहेत की पाहुणे ते बघा, आणि त्यानंतरच्या आठवड्यात ‘बाय’ आहे का ते तपासा. २०२६ च्या यादीत मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आहे. आपण ज्या मैदानावर बॉक्सिंग डेच्या कसोटीसाठी पहाटे पाचला उठतो, तेच. रॅम्सचे लोक त्यासाठी लॉस एंजेलिसहून पॅसिफिक ओलांडून जातील. तिथं कुणी ओळखीचं असेल तर त्याला आत्ताच कळवा, नाव नोंदवायला सांगा.